निळ्या झाकणाची डबी

दादा,

फ्रिजमधल्या निळ्या झाकणाच्या डबीला हात लावू नकोस. दुधाशेजारी तपासणीची शी ठेवायला मलाच नको वाटत होतं, पण लॅबवाला दहाला येईल तोवर ती गार राहायला हवी. ती त्यालाच काढून घेऊ दे.

तीन आठवडे तुझ्या जुलाबांच्या चादरी धुतेय. तो कुजका वास जेवतानाही नाकातून जात नाही. शिसारी येते, खोटं कशाला बोलू. बसवलेली नवी किडनी टिकावी म्हणून औषधांनी तुझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय, तरी तू बाहेरचं काहीबाही गिळतोस म्हणून मी तुझ्यावर तोंडसुख घेत होते.

काल डॉक्टरीणबाईंनी तुझा रिपोर्ट वाचला. आतड्यात परजीवी आहेत, आजारी वासरांच्या शेणातून येतात तसले. 'घरात कुणी गुरांत असतं का?' त्यांनी विचारलं. मी रोज गुरांच्या दवाखान्यात वासरांना बाटलीने दूध पाजते, तरी गप्प बसले.

तू आजारी पडायच्या आधी मलाही दोन दिवस जुलाब झाले होते. तुला मी पित्त झालंय म्हणून सांगितलं, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि तुझी फळं चिरत राहिले. हे जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत म्हणे. साबणाने हात घासून धुवायला हवे होते.

सॅनिटायझरच्या सगळ्या बाटल्या मी फेकून दिल्यात. पाणी उकळून ठेवलंय. जेवण शेजारच्या काकू देतील, माझ्या हातचं नको. मी बाईंकडे जातेय, काल बोलले नाही ते सांगायला.

डबी तुझी नाही. माझी आहे.