चंद्राबाईचं करकरणारं घर

लोधिवली, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८१७

घर बघितलंस ते कधी, तर वैशाखात. वैशाखात कोणाचंही घर चांगलंच दिसतं. आणि बघून झालं, भाव ठरला, सावकाराच्या ओटीवर पान खाऊन झालं, मग आजीची आठवण आली. लोक बैल घेताना सुद्धा घरच्या म्हातारीला एकदा विचारतात.

आता आशीर्वाद. चि. येसाजीस आणि सौ. सुंदरास सोनुबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे बरं हाय, तिकडचं कळवत जा. अक्षर माझंच हाय, तुझ्या बापाच्या पाटीवर त्याच्यासंगं गिरवलेलं. वाचता नाय आलं तर पुन्हा वाच.

सुंदराचे दिवस दिवाळीत भरतात. रेल्वेच्या चाळीत भिंतीतून पाणी येतं आणि पहिलं लेकरू त्याच खोलीत तापाने गेलं, हे मला ठाऊक हाय. तेव्हा घर पाहिजे ह्यावर माझं भांडण नाय. भांडण घाईवर हाय. घरमालकीण चंद्राबाई दसऱ्यापर्यंत थांबते, मग ती खोपोलीच्या लाकूडवाल्याला देणार आणि तो घर मोडून खांब नेणार, असं तू लिहितोस. दसऱ्याआधी अख्खा पावसाळा पडलाय. तो देवाने तुला घर तपासायला दिलाय असं समज.

विहिरीला वैशाखात पाणी होतं, हे तू बघितलंस, एवढं एक शहाणपण केलंस. आता झड लागली की त्या घरात जा आणि वर बघू नको, खाली बघ. कौल गळलं तर फिरवता येतं. जोत्यातून ओल वर चढत असेल तर ते घर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. मोरीत राख कालवून पाणी सोड आणि ते विहिरीकडे जातं का उलट्या अंगाला, ते बघ. खांबांवर बोटाच्या पेरांनी ठोक. भरीव वाजला तर बरं, भोपळ्यासारखा वाजला तर आत वाळवीचं राज्य. चंद्राबाईला चूल पेटवायला सांग आणि धूर कुठून जातो ते बघ. धूर कोंडला तर डोळे सुंदराचे जातील, तुझे नाय.

आणि आगगाडी घाटाला लागली की घर करकरतं म्हणतोस. करकरणारं घर आणि कण्हणारा म्हातारा, दोघांचे दिवस भरलेले. सांधे आवळून घट्ट केल्याबिगर एक छदाम देऊ नको.

सावकाराच्या मुदतखरेदीच्या कागदाला हात लावू नको. त्यात घर त्याच्याच नावे विकलेलं लिहितात आणि मुदतीत पैसे फेडलेस तर परत देतो म्हणतात. मुदत पाहुण्यासारखी असते, आपल्या घरात पीठ नसतं तेव्हाच येते. साध्या गहाणाला व्याज पडतं, पण घर तुझं राहतं.

लोभ हाय तो हाय, लिहून वाढत नाय.
सोनुबाई


कर्जत, ता. १४ जुलै १८९५

तीर्थरूप आजीस बालक येसाजीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, तू सांगण्याआधीच.

सगळं तुझ्या आज्ञेप्रमाणे केलं. राखेचं पाणी विहिरीच्या उलट बाजूला, परसातल्या केळींत निघालं. खांब सगळे भरीव वाजतात. चुलीच्या वर कौलांत फट ठेवली आहे, धूर सरळ तिच्यातून जातो. जोत्याला ओल नाही. पहिल्या मोठ्या झडीत घरात एक थेंब पडला नाही. चंद्राबाई म्हणाली की पोरीला बघायला आलेले लोकही इतके खोदून विचारत नाहीत.

मग सांधे आवळायला घेतले. आमच्या इंजिनांच्या शेडमधून लोखंडी पट्टी आणि रुळाचे मोठे खिळे मागून आणले आणि देवघराच्या कोपऱ्यातला खांब वरच्या तुळईला ठोकून पक्का केला. चंद्राबाईने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. घर घेणाऱ्याला हौस असतेच, म्हणाली. त्या कोपऱ्याची करकर थांबली. पण आता नेमकं तिथेच गळतं आहे. शेजारच्या नव्या चुन्याच्या घराला तर गाड्यांच्या हादऱ्याने हात जाईल एवढी चीर गेली आहे, त्यामुळे माझाही धीर सुटतो. शेडमधला मिस्तरी म्हणतो, सगळेच खांब ठोकून टाक. सुंदरा काही वेगळंच म्हणते, पण तिला लाकूडकामातलं काय कळणार.

सावकार साधं गहाण घ्यायला तयार नाही, मुदतखरेदीच करीन म्हणतो. पोस्टातली शिल्लक निम्म्याला पुरत नाही. कागद तयार आहे. तू येऊन घर बघ आणि नको म्हणालीस तर सोडून देईन, मग दिवाळी चाळीतच. गाडी घर पाडील असं तुला वाटतं, पण तू गाडी अजून जवळून बघितलेली नाहीस. तीही ओळख होईल. बैलगाडी पाठवतो.

खालची ओळ सुंदराची, तिच्या हातची. मी शिकवतो आहे. हसू नये, कृपा असू द्यावी.
तुझा येसाजी

आजी या. सुंदरा.


लोधिवली, श्रावण शुद्ध द्वादशी, शके १८१७

चि. येसाजीस आणि सौ. सुंदरास अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. बैलांना वाट सांगावी लागली नाय, तुझ्यापेक्षा शहाणे हायेत.

शेजारच्या विमलबाईने विचारलं, कर्जतला काय बघितलंस. मला सांगता येईना. तिला वाटलं मी आजारी हाय. लिहून बघते.

त्या दुपारी तू शेडात होतास, चंद्राबाईच्या घरात सुंदरा आडवी झाली होती आणि मी मधल्या खांबाला पाठ लावून बसले होते. आधी हंड्यातलं पाणी थरथरलं. मग जमीन. मग गाडी आली, एक इंजिन पुढून ओढतंय, एक मागून ढकलतंय आणि सगळा डोंगर घुमतोय. मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. आणि पाठीमागचा खांब हलला. पडणारा हलतो तसा नाय रं, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. त्याने तो हादरा तुळईला दिला, तुळईने वाशांना दिला. गावात आग लागली की माणसं रांग धरून घागरी पुढे देतात, तशी लाकडं तो हादरा हातोहात देत होती. वर आढ्याला पोचला तेव्हा त्यात काय उरलंच नव्हतं. कौलं एकदा खुळखुळली आणि जागच्या जागी बसली. गाडी गेली. घर होतं तसं उभं.

एक देवघराचा कोपरा तेवढा हलला नाय आणि तिथलंच कौल खाली सरकलं. रांगेत एकाचे हात बांधले तर घागर त्याच्यापाशी सांडायचीच.

चंद्राबाईला विचारलं. घर तिच्या आजेसासऱ्याचं, घाटात रूळ पडायच्या आधीचं. अख्ख्या घरात खिळा नाय, लाकडाच्या खुंट्या हायेत आणि सांधे मुद्दाम थोडे सैल सोडलेले, आषाढातल्या वाऱ्यासाठी. वाऱ्याला ठेवलेल्या जागेत गाडी फुकट बसते, असं ती म्हणाली. अरे, ज्या सुताराने आगगाडीचं नाव ऐकलं नव्हतं, त्याने आगगाडी सोसणारं घर बांधून ठेवलं आणि मजुरी घेऊन जेवायला निघून गेला. मी इतकी घरं बघितली आणि मला करकर म्हणजे मरण एवढंच ठाऊक. सांधे आवळ हे मीच लिहिलं होतं, ते मला आठवतं. तू आठवण करून द्यायची गरज नाय.

पायथ्याच्या वाडीवरचा धाऊ ठाकर खिळा उपटायला आला, तेव्हा त्याने भिंतीचा पोपडा काढून आतली कारवी दाखवली. ती त्याच्या आज्याने डोंगरावरून आणलेली. कारवी वर्षानुवर्षं नुसती उभी असते, मग एकदाच डोंगरभर फुलते आणि मरते. त्या काटक्या अजून ताठ हायेत. फुलून गेलेला डोंगर भिंतीत उभा आणि आपण वरून शेणाने सारवतो. जन्मभर सारवलं, पण आत काय हाय ते हात लावून बघितलं त्या दिवशी.

आता जे तू लिहिलं नायस ते. खिळा ठोकलास त्याच दुपारच्या गाडीला कौल सरकलं, हे सुंदराने बघितलं आणि तुला तेव्हाच सांगितलं. तू तिला म्हणालास, बायकांना लाकडातलं कळत नाय. धाऊने खिळा काढला, कौल बसवलं, त्यावर रात्रंदिवस पाऊस कोसळला, गाड्या गेल्या, आणि कोपरा कोरडा. मिस्तरी पगार घेतो, तू लोखंडात राबतोस, मी तोंड चालवते. बघितलं तिने.

पैशाचं ऐक. माझी सोन्याच्या पुतळ्यांची माळ मी सुंदराला देते. तुला नाय, घराला नाय, तिला. तिने मोडली तर ती आणि तुझी पोस्टातली शिल्लक मिळून निम्म्याच्या वर भागतं. उरलेल्याचं साधं गहाणखत चंद्राबाईलाच लिहून द्यायचं. ती दोन होळ्या थांबायला कबूल हाय. लाकूडवाला जास्ती देतो, पण घराचे खांब गाडीवर घातलेले तिला बघायचे नायत. सावकाराचा कागद त्याचा त्याला परत कर. खरेदीखत सुंदराच्या नावे करून कचेरीत नोंदवायचं. बाईच्या दागिन्यातून आलेलं घर नवऱ्याच्या कर्जापायी जात नाय. तुझा आजा सह्या करायला फार मोकळ्या हाताचा होता, तरी ही माळ राहिली ती ह्याच कारणाने.

पण घर घ्या, हे मी म्हणणार नाय. तिथे दिवाळीत बाळंत ती होणार. रोज गाडी येणार, खांब कूस बदलणार, आणि पोर छातीशी घेऊन तिला तिथे डोळा लागेल का नाय, हे तुला कळायचं नाय आणि मला पण नाय. मला तिथे दुसऱ्या दुपारी झोप लागली, गाडी चालू असताना. एवढं तिला सांग.

माया होती तेवढीच हाय, घराच्या पायी थोडी चढली असेल.
सोनुबाई

ता. क. ह्या पत्राचं उत्तर सुंदराने लिहावं. हो का नाय, एक शब्द पुरे, लिहायला आठवडा लागला तरी चालेल. तू तिचा हात धरायचा नाय, नुसतं पेटीत टाकायचं. तुझ्या अक्षरातलं उत्तर आलं तर मी ते न वाचता चुलीत घालीन.