वाढव म्हणजे थांबव

बाबा, तुमच्या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरला आज नव्या बॅटऱ्या घातल्या. सुरू झाला, पण आतले प्रोग्राम सगळे पुसले गेलेत. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, त्याने तरी किती लक्षात ठेवायचं! मग माझा पहिलावहिला प्रोग्राम आठवून पुन्हा लिहिला, एकापासून आकडे दाखवत जाणारा, आणि चालवला.

पहिल्यांदा चालवला तेव्हा मी आठवीत होते. ठाकुर्लीचं आपलं घर. आई माहेरी गेलेली, तुम्ही कॉलेजात गणित शिकवून आलात आणि ओट्याशी पिठलं ढवळताय. मी जमिनीवर बसून पळणारे आकडे बघतेय. पानं वाढून झाल्यावर तुम्ही हाक मारता, "अगं, वाढव आता तो प्रोग्राम, पिठलं गार होतंय." मी आज्ञाधारक कार्टी! शंभरला थांबायची ओळ होती, तीच खोडली आणि पुन्हा चालवला. आकडे थांबेचनात. मी रडकुंडीला आले. तुम्ही पंच्याला हात पुसत आलात आणि माझा पराक्रम ऐकून इतके हसलात की मला तुमचा रागच आला. "अगं वेडे, वाढव म्हणजे थांबव. आपण दुकान बंद करतो का? वाढवतो. बांगडी फुटली म्हणतो का? वाढली म्हणतो." मग माझं बोट धरून तुम्ही चालू करायचंच बटण दाबलंत. थांबवायचंही तेच. पडद्यावर दोन पर्याय आले: बाहेर पडा, किंवा थांबलात त्या ओळीवर जा. "नेहमी दुसरा घ्यायचा," तुम्ही म्हणालात. "कुठे चुकलं ते बघितल्याशिवाय पळायचं नाही."

कल्याणच्या हॉस्पिटलात तुम्हाला मशीन लावलं, तेव्हा आई हयात नव्हती, भावंडं तर नव्हतीच, म्हणजे ठरवायचं मलाच. तुम्ही तर कधीच बजावून ठेवलं होतंत, "नळ्या लावून ताटकळत ठेवू नकोस मला. वेळ आली की सरळ वाढव." तुम्ही शुद्धीवर होतात तेव्हा मी हो म्हटलं होतं तुम्हाला. तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, रिकव्हरीचा चान्स नाहीये. औषधं चालू ठेवू की थांबूया? तुम्ही सांगाल तसं." मी तुमचाच शब्द वापरला. म्हटलं, "वाढवा." तो म्हणाला, "ओके, डोस वाढवतो," आणि वळला. तुम्ही आणखी तीन दिवस होतात.

त्याला मराठी कळलं नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत आले. आत्या तर अजून त्या बिचाऱ्याला नावं ठेवते. आज तुमचं ऐकून त्या ओळीवर परत गेले, बाबा. डॉक्टर अजून दारापर्यंतही पोचला नव्हता. "अहो, थांबवा म्हणतेय मी," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. खरं तर तो शब्द तोंडातून निघतानाच मला ठाऊक होतं, तो काय समजणार ते. तीन दिवस तुम्हाला त्रास झाला आणि तीन दिवस मी तुमचा हात धरून बसले. मला बरं वाटत होतं.

हे पाठवणार तरी कुठे? कागद कॅल्क्युलेटरच्या खोक्यात ठेवतेय. शंभरची ओळ मी आजही घातलेली नाही. आकडे कधीचे पळतायत, बोट बटणावर आहे, आणि मी अजून दाबलेलं नाही.