स्लो जेट तूच ठरव

ठमे,

तुझ्या मोटरसायकलला नवा कार्ब्युरेटर बसवलाय. पेट्रोल सोडणारा मेन जेट आधी एकशेपंधराचा लावला, तर पेट्रोल जास्त होऊन प्लग काजळीसारखा काळा झाला. मग एकशेदहाचा लावून पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारली, आता प्लग छान विटकरी आलाय. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून जमलं.

स्लो जेटचं मात्र माझ्याच्यानं होईना. त्याच्यावर उभ्या गाडीचं इंजिन एका लयीत चालतंय का, हे कानानंच ठरवावं लागतं. काल तू म्हणालीस, "बाबा, मिसिंग आहे, मधेच ठोका चुकतोय," आणि मी तुझ्यावरच खेकसलो, मेकॅनिक कोण आहे म्हणून. तुझंच खरं होतं. मला ते ऐकूच आलं नव्हतं.

दोन स्लो जेट बशीत ठेवलेत. एकेक लावून बघ. हवेचा स्क्रू दीड आटा सैल सोड, मग जरा जरा फिरव आणि आवाज सरळ झाला की थांब. पेट्रोलचा कॉक बंद आहे.

आईला इतक्यात सांगू नकोस. मी मुद्दामच ऐकत नाही, असं वाटू दे तिला.

दमलोय, जरा पडतो. गाडी झाली की उठव. दारातून हाका मारत बसू नकोस, हलवून उठव.

बाबा