खारघरहून लागणारे दिवे

धेरंड, ता. अलिबाग
भाऊबीजेनंतरचा चौथा दिवस

चिरंजीव केतनराव यांस सासरे शिवदास पाटील यांचे भरघोस आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक आहोत. तुमची आणि चि. कल्पिताची प्रकृती उत्तम असणार, कारण तुमच्यावाचून ऑफिसचे पान हलत नाही असे ऐकतो. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, सासुरवाडीला यायचा मान, आणि खारघरहून अडीच तासांची वाट! एवढा प्रवास माणसाला झेपायचा नाहीच. तुम्ही पाठवलेले दिवे मात्र कुरिअरने तीन दिवसांत पोचले. त्यांना रजा मिळाली असावी.

दिवे उत्तमच. विनेश वायरमनने बसवले, म्हणजे तुम्ही व्हिडिओ कॉलवरून सांगत गेलात आणि तो शिडीवरून हो हो म्हणत राहिला. (शिडी मी धरली होती. याचा उल्लेख कुणी केला नाही.) अंधार पडला की आपोआप लागतात, घडीघडीला रंग बदलतात, आणि सगळा कारभार तुम्हा दोघांच्या फोनमध्ये. घर आमचे, बिल आमचे, बटण खारघरला. सोबतची डबी तोंडी सांगितलेलेही ऐकते म्हणालात, म्हणून तुमच्या सासूबाईंनी पदर सावरून तिला तीनदा विनवले, "बाय गो, आता झोप." तिने सगळे घर जांभळे केले.

आता एक बारीकशी गोष्ट, जी तुमच्या माहितीपुस्तकात नव्हती. आमच्या आळीत दिवाळीला घरावर अशी रोषणाई एकाच कारणाने होते: नवा जावई दिवाळसणाला आला तर. बाकीच्यांच्या दारी पणत्या आणि एक कंदील. हे मला शिडी धरतानाच आठवायला हवे होते, पण मी तुमच्या सूचना ऐकण्यात दंग होतो. पाडव्याला सातच्या ठोक्याला दिवे लागले आणि सव्वासातला आळीतल्या बायका ओवाळणीची ताटे घेऊन अंगणात हजर! सर्वांत पुढे शेजारच्या सगुणाकाकी. (वय ऐंशी. गुडघे धरलेत, गणपतीलाही आल्या नव्हत्या. तुमच्यासाठी आल्या.)

"जावय कवा आला? भायेर तरी काढा त्याला!"

मी म्हटले, आंघोळीला गेलाय. (हे खोटे तुमच्या अब्रूसाठी बोललो, माझी तोवर गेलीच होती.) बायका ऐसपैस बसल्या. करंज्या संपल्या, चकल्या संपल्या, तुमची आंघोळ काही संपेना. शेवटी काकी उठल्या आणि न्हाणीचे दार ढकलून आत गेल्या. आत बादली होती. त्यांनी शांतपणे बादलीला कुंकू लावले, ओवाळले, आणि जाताना तुमच्या सासूबाईंना म्हणाल्या, "जावय गुणाचा हाय गो तुजा. खायला काय मागत न्हाय."

तेव्हापासून नाक्यावर जो तो मला विचारतो, झाली का आंघोळ? आणि इकडे रोज सातला दिवे लागून साऱ्या आळीला आठवण करून देतात की पाटलांचा जावई आलेला नाही. तरी कृपा करून ते तिथूनच कायमचे बंद करावेत. प्लग उपटा म्हणाल, पण जावयाची भेट सासऱ्याने उपटली असे व्हायला नको.

कळावे, लोभ आहेच, तो तुम्ही पारखून घेत आहात.

तुमचा,
शिवदास

ता. क. – दिवे बंद करू नका. पत्र टाकायचे चार दिवस राहून गेले, तेवढ्यात विनेश येऊन बघून गेला. म्हणाला, आपोआप वगैरे काही नाही, वेळ लावायची राहूनच गेली आहे; तिकडून रोज कुणीतरी हाताने लावते. सातला तुम्ही तर ऑफिसात असता. हे कळल्यापासून तुमच्या सासूबाई पावणेसातलाच ओट्यावर जाऊन बसतात, आणि दिवे लागले की "लावले गो पोरीने" म्हणून आत येतात. काल दहा मिनिटे उशीर झाला, तर पानावर बसायला तयार नव्हत्या. कल्पिता बरी आहे ना? मलाही तिच्यावाचून करमत नाही. हे मी कुणाला सांगितलेले नाही.

आणखी ता. क. – दिवाळसण तुळशीच्या लग्नापर्यंत चालतो, असे मी आजच ठरवले आहे. तुम्हाला रजा नसेल तर निदान तिला एसटीत बसवून द्या. मी पेणच्या स्टँडवर येऊन उभा राहीन. ती घरात असली, की दिवे नाही लागले तरी चालेल.