वसंताच्या चौकोनात कूलर

तीर्थरूप खुशालराव मामाजीच्या चरनी, (तुमची काठी पोचनार नाई इतक्या अंतरावरून) भाचा किशोरचा दंडवत.

इकडे अमरावतीले आमी सारे बरे हावो. तुमचे गुडघे काय म्हनतात? गोदामामीचा खोकला बसला का? फोनच केला असता, पन माझं नाव दिसलं की तुमी फोन कापता. (मांगं एकदा उचलून "खुशालराव घरी नाई" असं तुमीच सांगतलं, आवाज बी न बदलता.) म्हनून ही चिठ्ठी.

तर झालं असं. आपली प्रणाली वयनी आमच्या गल्लीतल्या बालवाडीत शिकवते. त्या संस्थेच्या मोठ्या मॅडम अकोल्याच्या, मंजुषा मॅडम. त्याईनं वयनीच्या मोबाइलवर एक कागद धाडला, वसंत ऋतूचं शब्दकोडं. लहान पोट्ट्याईले ऋतूचे शब्द याले पायजे म्हने. चित्र पाहाचं अन् खालच्या चौकोनात एक-एक अक्षर भराचं. पन चित्र कसे? एकात बर्फ पिघलून राहिला, दुसऱ्यात ससा टोपलीभर रंगीत अंडे घेऊन चालला. मार्च महिन्यात अमरावतीत बर्फ फक्त गोलेवाल्याच्या गाडीवर पिघलते, मामाजी. अन् सशाले अंडे कोनं देल्ले? वयनी म्हने, "किशोर, तुले चित्र जमते, तूच आपल्याकडचं कोडं बनव." (चित्र मले जमते हे खरं हाय. बारावीच्या पेपरात मी तेच काढून आलो होतो.)

मी बनवलं. मोहर, पळस, कोकिळ, पालवी. सारे तीन-तीन चौकोनाचे, काऊन की पट्टीनं मले तेवढेच सीधे ओढता आले. मंग एक दिवस मॅडम पाहाले आल्या. खुर्चीवर बसल्या, पदरानं वारा घेतला अन् पोट्ट्याईले गोड आवाजात विचारलं, "सांगा बरं बाळांनो, थंडी संपली की मस्त वास घेऊन कोण येतो?" समोरची जुईली उभी राहून वरडली, "कूलर!" (आता पहिल्या दिवशी कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पानी पडलं की मस्त वास येते का नाई, तुमीच सांगा.) मॅडमनं दम खाल्ला. "बरं, दिवसभर लपून कोण गातो?" सारा वर्ग म्हने, "कूलर!" मॅडम म्हने, "मग लालभडक कोण होतो?" आता यशोधन नावाचं पोट्टं जरा विचारी हाय. तो म्हने, "आमचे बाबा. कूलरची मोटर जळली की."

मी दाराआड होतो. मी हासलो. तिथंच गडबड झाली. मॅडमनं मले आत बलावलं. मी म्हनलं, "मॅडम, चुकलं कुठं? तीन चौकोनात बरोबर तर बसलं!" त्याच्यानं मॅडम अजून तापल्या. वयनीले म्हने, "शनिवारी मी परत येते, मुलांना हे चार शब्द आले नाहीत तर जूनपासून दुसऱ्या बाई पाहू."

तवापासून वयनी मले काहीच बोलत नाई. भाजी वाढते, पन चमच्याचा आवाज अलग येते. मी मोबाइलवर फोटो दाखवून पाह्यले. मोहराचा फोटो पाहून पोट्टे म्हने झाडू, पळसाचा पाहून म्हने मिरची. त्याईचा काय दोष? गल्लीत एकच निंबाचं झाड, त्याले बी केबलचे वायर फुटले हायेत. वयनी दादाले सांगत होती, "हात लागल्याबिगर लेकराईच्या डोक्यात शब्द बसत नाई." मले नाई सांगतलं. मी भिंतीआडून आयकलं.

बाकी ठीक. चिठ्ठीत काही कमी-जास्त झालं असन तर जास्त ते सोडून द्या, कमी ते खाली लिहलं हाय.

तुमचा भाचा,
किशोर

ता. क. – तुमच्या वावराच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या गावरान आंब्याले औंदा मोहर कसा हाय? सहज विचारतो. बाजूचा पळस फुललाच असन, पालवी बी फुटली असन. कोकिळ बी तिथंच बसते ना?

दुसरा ता. क. – त्या आंब्याखाली तुमी सोयऱ्याले बी उभं राहू देत नाई, हे मले मालूम हाय. म्हनून रीतीनं विचारतो. शुक्रवारी वयनीले अन् तिच्या पोट्ट्याईले घंटाभर आनू का?

तिसरा ता. क. – ही चिठ्ठी जीपवाल्या देवमनच्या हातात देल्ली हाय. तो आधी आमाले धुऱ्यावर उतरवन, मंग तुमच्या घरी येईन. म्हंजे तुमी हे वाचून राहिले तवा शुक्रवारच हाय अन् पोट्टे आंब्याखाली हायेत. धावत या, पन हात जोडतो मामाजी, शिव्या देऊ नका. आज पोट्टे जो शब्द आयकतीन, तोच उद्या मॅडमसमोर चौकोनात भरतीन. अन् तुमचे बरेचसे शब्द तीनच अक्षराचे हायेत.