तक्रार असेल तर बसून सांगावी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा कागदावरच मानून घे. गुडघ्यांची अशी अवस्था आहे की खरा साष्टांग घातला तर मला उठवायला समिती नेमावी लागेल, आणि समिती म्हणजे काय चीज असते ते पुढे येणारच आहे.) तुझी पाठ कशी आहे? औषध घेतेस की कपाटात जमा करतेस? भाऊजी गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा, म्हणून परवा मुद्दाम फोन केला, तर तू ‘सगळं छान आहे, काही तक्रार नाही’ म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. मी रिसीव्हरकडे बघतच राहिलो. वाटलं, नंबर चुकला. जिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तोंड उघडं आहे, कारण ऐन वेळी ती फोटोग्राफरला ‘तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात’ हे सांगत होती, तिला काही तक्रार नाही! म्हटलं चला, उशिरा का होईना, ताईला समज आली. (तुमच्याकडच्या लाइनमध्ये मात्र सारखी खडखड येत होती. ती दुरुस्त करून घे.) एरवी फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि या वेळी स्वतःही बोलली नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तर इथे थंडी मरणाची आहे. नळाला पाणी येण्याआधी नळ तापवावा लागतो. अशात आमच्या इमारतीला शहराच्या कचेरीकडून अनुदान मिळालं. थंडीत असहाय शेजाऱ्यांना सांभाळा, असा त्याचा हेतू. त्यातून एक मोठा हीटर, खुर्च्या, चहाचं सामान, लोकरी पांघरुणं आणि ज्यांच्या घरात वारा शिरतो त्यांच्या दारं-खिडक्यांची दुरुस्ती, असं सगळं करायचं होतं. आमच्या सेक्रेटरींनी ताबडतोब ठराव केला. (ते जांभई आली तरी ठराव करतात. मागे सगळे त्यांना ‘ठराव’च म्हणतात.) तळमजल्यावर मोडक्या सायकली ठेवायची खोली होती ती रिकामी करून ‘असहाय शेजाऱ्यांसाठी उबेची खोली’ अशी पाटी लावली, आणि तिथे बसायला कोण, तर मी. का, तर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे जन्म काढला आहे आणि मला नुसतं बसायची सवय आहे. अट एकच होती, खोली रिकामी दिसली तर हीटर परत जाणार.

पहिला आठवडा खोलीत मी आणि हीटर. लोक जिन्यावरून उतरत, पाटी वाचत आणि असहाय दिसू नये म्हणून छाती काढून बाहेर थंडीत जात. पांघरुणांची तर आणखी तऱ्हा. मी पहिलं पांघरूण पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दिलं. त्यांनी ‘आमच्यापेक्षा गरजू लोक आहेत’ म्हणून ते वरच्या दारात दिलं, त्यांनी त्यांच्या वर. संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली, बघतो तर चौथ्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई तेच पांघरूण घडी घालून घेऊन उभ्या. म्हणाल्या, तुम्ही एकटे असता, तुम्हाला लागेल. सगळ्या इमारतीत असहाय म्हणून मी एकटाच सापडलो.

शेवटी दातांचे डॉक्टर एकदा आत आले ते तणतणत. म्हणे, या खोलीतला दिवा त्यांच्या खिडकीत येतो. मी म्हटलं, बसून सांगा. ते बसले. आधी हातमोजे काढले, मग मफलर, आणि दिव्यापासून निघालेली तक्रार जिन्यावरच्या धुळीपर्यंत जाईस्तोवर त्यांनी दोन्ही तळवे हीटरसमोर धरलेले होते. ते जेवायच्या वेळी उठले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अग, सगळी नोकरी ज्या खिडकीमागे गेली तिने शिकवलेलं एवढं साधं कसं विसरलो! माणूस मदत घेताना अंग चोरतो, तक्रार करायला मात्र पाय पसरून बसतो. मी पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं, ‘तक्रारी येथे ऐकल्या जातील. बसून सांगाव्यात.’

दुसऱ्या दिवशी खुर्च्या पुरेनात. कुणाच्या कुत्र्याची, कुणाच्या नातवाची, कुणाच्या फोडणीची, एकाची तर माझ्याच चेहऱ्याची तक्रार. (तो म्हणे नाउमेद करतो.) ज्या शिंपीणबाई पांघरूण चिमटीत धरून परत द्यायच्या त्या आता तसल्याच पांघरुणात पाय गुंडाळून, चहाचे घोट घेत, सकाळपासून सुनेबद्दल सांगत. शहराच्या कचेरीतून तपासणीला मॅडम आल्या तेव्हा भांडणाचा आवाज कोपऱ्यापर्यंत जात होता. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. ठराव म्हणाले, ऊब. मॅडम खूश होऊन गेल्या, मी शेफारलो, आणि मग काय, गाढवाला गुळाची चव कळली.

येत नव्हत्या त्या फक्त ग्रंथपालबाई. सगळ्या इमारतीत वयाने मोठ्या, अंगाने काडी, आणि वरचा मजला म्हणजे चारी बाजूंनी वारा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्याच वर. मी विचारायला गेलो की दार थोडंसं उघडून हसायच्या आणि म्हणायच्या, काही तक्रार नाही. मग मी तक्रार निर्माण करायला घेतली. शेजारच्यांचा रेडिओ मोठा लावायला लावला, तर त्यांना गाणी आवडली. या वयात बेल वाजवून पळालो (पळालो म्हणजे उतरलो, कठडा धरून), तर म्हणाल्या मुलं असतील, खेळू देत. दारात ओलं फडकं टाकून आलो, तर संध्याकाळी ते धुऊन, वाळवून माझ्या कडीला. अशा बाईपुढे माणसाने करायचं काय?

आणि मग तिसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट तक्रार घेऊन आला, की वरच्या बाई रात्रभर शीळ वाजवतात. खोलीत काय हशा पिकला म्हणून सांगू! जन्मभर वाचनालयात लोकांना गप्प बसवणाऱ्या बाई, आणि शीळ? पण एजंट रडकुंडीला आला होता. बारीक, लांब शीळ, म्हणे, मधे थांबते, पुन्हा सुरू. मला आनंद झाला, ताई. म्हटलं, तक्रारदार म्हणून नाही तर आरोपी म्हणून तरी बाई खाली येतील, गरम चहा पोटात जाईल. मी वर गेलो, जरा थट्टेत, जरा खिडकीमागच्या जुन्या आवाजात, तक्रार सांगितली. बाई घरातच कोट घालून होत्या. त्यांचा चेहरा लाजेने लाल झाला. म्हणाल्या, माफ करा, आता नाही वाजणार. आणि खरंच, त्या रात्रीपासून शीळ बंद. एजंट घोरला. सकाळी त्याने माझा हात हातात घेऊन आभार मानले आणि मी तक्रार निकालात निघाली म्हणून मिशीला पीळ दिला. बाई काही खाली आल्या नाहीत, पण मी कामात होतो.

पुढची तक्रार डॉक्टरांची. चौथ्या मजल्यावर दुधाच्या पिशव्या दारात साठल्यात, शोभत नाही. मी आधी हसलो, मग हसू तोंडातच राहिलं. बाईंच्या घराची जादा किल्ली ठरावांकडे होती. आत गेलो तर घर बाहेरच्यापेक्षा थंड. पलंगाशेजारच्या खिडकीची काच फुटलेली, कधीची कोण जाणे. शीळ तिथून यायची. वारा घालत होता ती. आणि त्या भोकात, शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून, बाईंनी आपली एकुलती एक रजई कोंबून बसवली होती. स्वतः कोट घालून, अंगावर वर्तमानपत्रं पसरून पडल्या होत्या. शुद्ध होती. आम्हाला बघून उठायला लागल्या, घर आवरलेलं नाही म्हणून.

अनुदानाच्या कागदावर खिडकीची दुरुस्ती पहिल्याच ओळीत होती, ताई. काचवाला मागाहून आला, त्याने काच बसवली, त्याच्यासाठी केलेला चहा गार होण्याआधी त्याचं काम झालं. एवढंच काम होतं. ठराव भिंतीला टेकून उभे होते, त्यांना एकही ठराव सुचला नाही. स्ट्रेचर उतरवताना बाई उचलणाऱ्यांना म्हणत होत्या, तुम्हाला फार जिने पडले. एजंट त्यांची एक चप्पल हातात घेऊन मागून चालत होता, ती कुठे ठेवायची ते त्याला कळत नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पन्नास माणसांच्या तक्रारी मी कान देऊन ऐकल्या, आणि जी करत नाही तिला काही दुखत नाही असं धरून चाललो.

फुप्फुसात पाणी झालंय. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, वय आहे, बघू. खोली चालू आहे. पाटी तीच आहे, पण तक्रार कुणी करत नाही. येतात, बसतात, एजंट बाईंची खबर सांगतो, मग सगळे हीटरकडे बघतात. मी चहा करतो. तो पातळ होतो आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

असो. इकडचं एवढंच. प्रकृतीला जप, थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार इतक्यात इस्पितळात जाऊन आलो. बाईंनी तिथला चहा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, हा चहा आहे की कपबश्यांचं धुवण? ताई, मी त्या वॉर्डात टाळ्या वाजवल्या. नर्सने मला बाहेर काढलं. एजंटला फोन करून सांगितलं तर तो रडला.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. (एवढी पानं मी त्याच्याभोवतीच फिरत होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल.) परवा फोनवर तू म्हणालीस, काही तक्रार नाही. तू! त्या खडखडीबद्दल मी टेलिफोन ऑफिसात चौकशी केली. ते म्हणतात, लाइन उत्तम आहे. मग ते तुझे दात वाजत होते का, ताई? भाऊजी होते तेव्हा घर तापवायचं काम त्यांचं होतं. आता कोण करतं? मला खरं सांग.

ता. क. ३. सांगू नकोस, सांगणार नाहीसच. मी तिकीट काढलं आहे आणि हे पत्र माझ्या आधी पोचलं तर नशीब. पहिल्या मजल्यापासून सगळी दारं फिरून आलेलं ते पांघरूण सोबत आणतोय. आल्या आल्या बूट घालून घरभर हिंडणार आहे, तुझ्या सगळ्या खिडक्यांना हात लावून बघणार आहे, आणि चहा मीच करणार आहे, पातळ. एवढी दया कर. दार उघडशील तेव्हा ‘ये, छान झालं आलास’ असं म्हणू नकोस. काहीतरी वाकडं बोल.