खाकरणं बंद झाल्याची लेखी तक्रार

प्रिय हिंमतराव यांना शनिवार पेठेतून श्यामसुंदरचा नमस्कार. आपले गुडघे, वहिनींची शुगर आणि हडपसरचं ट्रॅफिक आटोक्यात असतील अशी आशा; निदान पहिली दोन तरी. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तक्रार लेखी असावी ही आपली दोघांची पोस्टातल्या नोकरीपासूनची सवय.

तक्रार आपल्या कन्येविरुद्ध आहे. चि. तनुजाने माझा बारा वर्षांचा कफ बरा केला. (सांगितलं कुणी होतं?) ती श्वासनलिकेतल्या श्लेष्म्यावर संशोधन करते, म्हणजे आपण जन्मभर जो बेडका रुमालात गुंडाळला, त्यावर तिला डॉक्टरेट मिळणार. मागच्या महिन्यात आमच्याकडे पोहे खाताना (तिने खाल्ले, आमचे ताटलीतच राहिले) तिने मोबाइलवर डुकराच्या श्वासनलिकेचा व्हिडिओ दाखवला. मला वाटायचं, आत नुसता चिकटा असेल. छे हो! बारीक ग्रंथींतून दोऱ्या निघतात, त्यांवर पातळ पापुद्रा चढतो, आणि डोळ्यांना न दिसणारी लव हलून हलून त्या दोऱ्या गळ्याकडे वर ढकलते. वाटेतली धूळ झाडत, दिवसरात्र. आपल्या ऑफिसात टपाल इतक्या शिस्तीत कधी हललं नाही. "काका, तुमचा माल मध्येच अडकलाय," म्हणाली, आणि छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन मिठाच्या पाण्याची वाफ आणि श्वासाचे व्यायाम मागे लावून दिले. तीन आठवड्यांत छाती साफ.

तिथेच वाट लागली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी खाकरतो, हे आपण ऐकलेलं आहे. आमचे वडील सुनांना सावध करायला खाकरायचे. मला सून नाही, पण सवय लागली. सौ.ला उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्याने मी धूसर दिसतो (तिच्या मते तेवढा पुरे). त्या खाकरण्यावर ती चहा टाकते. आता मी येतो तो चोरासारखा. सोमवारी ती दचकली आणि दुधाचं पातेलं उलटलं. बुधवारी मी खुर्चीत बसलेला असताना माझ्या अंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकला. मुद्दाम खाकरून पाहिलं, तर म्हणाली, "हे तुमचं नव्हे."

शुक्रवारी मी दारात, आणि ती फोनवर बहिणीला सांगत होती, "खोकला गेला ते बरंच झालं गं, पण घर गप्प झालंय. हे असून नसल्यासारखे. पुढे कधी खरंच नसले तर असंच वाटेल ना?" हिंमतराव, फार वाईट वाटलं हो. तसाच उलट्या पावली खाली उतरलो आणि पायरीवर बसून राहिलो.

असो. तनुजाला अनेक आशीर्वाद.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. मूळ मुद्दा राहिला. तनुजाला हळूच विचारा, अधूनमधून वाफ चुकवली तर एखादी दोरी परत येईल का? लहानशी चालेल. सौ.ला कळता कामा नये.

ता. क. २. वरचं रद्द. पाकीट बंद करण्याआधी सौ.ने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. फोनचा भागही वाचला. मग म्हणाली, "वाफ चुकवायची नाही. वर येताना मला नावाने हाक मारा." अहो, लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच; पुढची एक्केचाळीस वर्षं 'अगं'वर भागली! आज शेवटच्या पायरीवर उभा राहिलो, इकडेतिकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि लाजेने आधी खाकरलोच. अगदी पूर्वीसारखं. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. तरीही म्हटलं, "वासंती."